स्टायपेंडचा आकडा कागदावर द्या

प्रति,
आयआरएस या अमेरिकेच्या करखात्याचे आयुक्त आणि करपत्रकं तयार करणारा विभाग,
अमेरिकेतल्या विद्यापीठांची ग्रॅज्युएट स्कूल, बर्सर आणि पेरोल कार्यालयं,
तसंच टॅक्स भरण्याचं सॉफ्टवेअर बनवणाऱ्या कंपन्या

विषय : ग्रॅज्युएट विद्यार्थ्यांच्या स्टायपेंडची निवृत्ती खात्यासाठी नोंद



अमेरिकेत पीएचडी करणाऱ्या मुलांना आणि पोस्टडॉकना मिळणारा करपात्र स्टायपेंड २०२० या करवर्षापासून मोबदला म्हणून धरला जातो, आणि त्यातून त्यांना आयआरए या वैयक्तिक निवृत्ती खात्यात पैसे टाकता येतात. हा अमेरिकेच्या काँग्रेसने, म्हणजे तिथल्या संसदेने, केलेला कायदा आहे. तरीही दर वर्षी मार्च-एप्रिलमध्ये मला अशी मुलं भेटतात, ज्यांनी कायद्याप्रमाणेच पैसे टाकले आणि आता घाबरून ते काढून घ्यायला निघाली आहेत. वर्षभरात स्टायपेंड नेमका किती मिळाला आणि तो ग्रॅज्युएट शिक्षणासाठीच मिळाला, हे सांगणारा एकही अधिकृत कागद त्यांच्या हातात नसतो. तो कागद देणं तुम्हा तिघांपैकी कुणालाही बंधनकारक नाही. ते व्हावं, यासाठी हे पत्र.

मी पेशाने हिशेब बघणारी बाई आहे. टॅक्सच्या दिवसांत आमच्या भागातल्या मराठी विद्यार्थ्यांचे कागद पाहून देते. त्यांत पुण्या-नागपूरहून, सांगली-रत्नागिरीहून आलेली मुलं असतात, तशीच इथेच जन्मलेलीही असतात. पत्र मराठीत लिहिते आहे, कारण तुमच्या पेरोल कार्यालयांत आणि सॉफ्टवेअर कंपन्यांत मराठी माणसं काम करतात आणि त्यांना हा प्रश्न आपल्या भाच्या-पुतण्यांचा म्हणून कळावा असं मला वाटतं. इंग्रजी प्रत वेगळी पाठवते आहेच.

महाराष्ट्रात बसून हे वाचणाऱ्या आईवडिलांसाठी थोडा खुलासा. आपल्याकडे पीपीएफमध्ये पैसे भरताना ते पगारातले की शिष्यवृत्तीतले, हे पोस्टातला कारकून विचारत नाही. आयआरएचं तसं नाही. त्यात वर्षाला टाकायच्या रकमेला मर्यादा असते. पन्नाशीच्या आतल्या माणसासाठी ती २०२० ते २०२२ या वर्षांत ६,००० डॉलर होती, २०२३ मध्ये ६,५००, २०२४ आणि २०२५ मध्ये ७,००० आणि २०२६ साठी ७,५०० आहे. पण त्या वर्षीचा तुमचा मोबदला याहून कमी असेल, तर मर्यादा तेवढ्यावरच येते. व्याज, लाभांश, घरभाडं, घरून आलेले पैसे, यांतलं काहीच मोबदल्यात धरत नाहीत. मोबदला नसताना पैसे टाकले तर जादा रकमेवर ६ टक्के दंड बसतो, आणि ती रक्कम खात्यात राहील तोवर तो दर वर्षी बसतो. म्हणजे स्टायपेंड मोबदला आहे की नाही, या एका प्रश्नावर सगळं अडतं.

बरीच वर्षं या प्रश्नाचं उत्तर ‘नाही’ असंच होतं. आयआरए १९७४ च्या कायद्याने आलं. १९८६ च्या करसुधारणेने शिष्यवृत्तीचा जो भाग फी आणि लागणाऱ्या पुस्तकांच्या पलीकडे जातो, म्हणजे राहण्या-जेवण्यासाठी मिळतो, तो करपात्र ठरवला. तेव्हापासून स्टायपेंडवर कर घ्यायचा, पण निवृत्तीसाठी वाचवायची वेळ आली की हा तुमचा मोबदलाच नाही म्हणायचं, अशी स्थिती झाली. डेलावेअरचे सिनेटर विल्यम रॉथ यांच्या नावाचं रॉथ आयआरए १९९८ पासून सुरू झालं. त्यात कर भरून उरलेले पैसे टाकायचे आणि म्हातारपणी ते करमुक्त काढायचे. ज्यांचं उत्पन्न आज कमी आहे आणि कराचा दरही कमी आहे, अशा तरुणांसाठी याहून चांगली सोय नाही. पण नेमक्या त्यांच्यातल्याच फेलोशिपवाल्यांना तिथे दार बंद होतं. आयआरएसच्या पुस्तिकेत लिहिलेलं होतं की, शिष्यवृत्ती किंवा फेलोशिपची रक्कम डब्ल्यू-२ च्या पहिल्या चौकटीत आली असेल, तरच ती मोबदला.

डब्ल्यू-२ म्हणजे नोकरदाराला मिळणारा पगाराचा दाखला. जो विद्यार्थी टीए म्हणून वर्गावर शिकवतो किंवा आरए म्हणून प्राध्यापकाच्या प्रकल्पावर राबतो, त्याला तो मिळतो. त्याच्याच शेजारच्या टेबलावरच्या मुलीने राष्ट्रीय पातळीवरची स्पर्धा जिंकून स्वतःची फेलोशिप आणली, तर तिला तो मिळत नाही. दोघांची प्रयोगशाळा एक, काम एक, महिन्याची रक्कमही जवळपास एकच. वाचवण्याचा हक्क मात्र एकालाच. हे मला पहिल्यापासून अन्यायाचं वाटत आलं आहे. कुठल्या खात्यातून पैसे द्यायचे हे विद्यापीठ ठरवतं, विद्यार्थी नव्हे. एखादा मुलगा वर्षाच्या मध्यात टीएवरून फेलोशिपवर गेला, तर जानेवारी ते मे तो मोबदला मिळवणारा आणि ऑगस्ट ते डिसेंबर न मिळवणारा, असा हिशेब व्हायचा.

२०१६ साली मॅसॅच्युसेट्सच्या एलिझाबेथ वॉरन आणि युटाचे माइक ली या दोन विरुद्ध पक्षांच्या सिनेटरांनी मिळून हे बदलायचं विधेयक आणलं. एरवी या दोघांचं फार थोड्या गोष्टींवर जमतं. पुढे तीच तरतूद निवृत्तीच्या बचतीविषयीच्या सिक्युअर कायद्याच्या कलम १०६ मध्ये आली आणि २० डिसेंबर २०१९ रोजी त्यावर राष्ट्राध्यक्षांची सही झाली. तरतूद एका वाक्याची आहे. ग्रॅज्युएट किंवा पोस्टडॉक्टरल शिक्षणाला मदत म्हणून दिलेली आणि करपात्र उत्पन्नात धरलेली रक्कम आयआरएपुरती मोबदला समजावी, एवढंच ती सांगते. ज्यांनी ती लिहिली, त्यांचे मी मनापासून आभार मानते.

अडचण पुढे आहे. कायदा बदलला, कागद बदलले नाहीत.

आयआरएसच्या स्वतःच्या सूचनांप्रमाणे अमेरिकन नागरिकाला किंवा करापुरत्या रहिवासी ठरलेल्या व्यक्तीला दिलेली करपात्र फेलोशिप १०९९ या फॉर्मवर दाखवायची नसते, आणि ती कळवणं संस्थेवर बंधनकारकही नाही. राहिला १०९८-टी, म्हणजे फीचा दाखला. त्याच्या पाचव्या चौकटीत शिष्यवृत्त्यांची बेरीज असते. पण तिथे माफ झालेली फी आणि हातात आलेला स्टायपेंड एकत्र मिसळलेले असू शकतात, आणि काही ठिकाणी स्टायपेंड त्यात धरलेलाच नसतो. समजा, पहिल्या चौकटीत फी २४,००० आहे आणि पाचव्या चौकटीत ५८,०००. तर ३४,००० करपात्र, हे विद्यार्थ्याने वजाबाकी करून स्वतःच ओळखायचं, आणि पाचव्या चौकटीत पुढच्या सत्राची शिष्यवृत्ती डिसेंबरातच धरली गेली असेल तर तेही त्यानेच शोधायचं. शिवाय ज्याची सगळी फी शिष्यवृत्तीने भरली जाते, त्याला १०९८-टी न देण्याची मुभा विद्यापीठाला आहे. पीएचडीच्या विद्यार्थ्यांची फी बहुधा अशीच भरली जाते.

काही संस्था उत्साहाने १०९९-एनईसी पाठवतात, म्हणजे जणू ही मुलं स्वतंत्र व्यवसाय करतात. मग सॉफ्टवेअर त्यांच्याकडून १५.३ टक्के स्वयंरोजगार कर मागतं. ते निस्तरायला एप्रिल उजाडतो.

आता एक गोष्ट सांगते, ती नीट ऐका. परदेशातून एफ-१ व्हिसावर आलेला विद्यार्थी साधारणपणे पहिली पाच कॅलेंडर वर्षं करासाठी अनिवासी असतो. त्याच्या स्टायपेंडसाठी विद्यापीठाला १०४२-एस हा फॉर्म १५ मार्चपर्यंत काढावाच लागतो. त्यावर उत्पन्नाचा संकेतांक १६, म्हणजे शिष्यवृत्ती वा फेलोशिप, असं लिहिलेलं असतं आणि शेजारी वर्षाची रक्कम डॉलरमध्ये छापलेली असते. म्हणजे, विद्यापीठांनो, तुमच्या संगणकात तो आकडा असतो. तो वेगळा काढता येतो, छापता येतो, मुदतीत पाठवताही येतो. ते तुम्ही वर्षानुवर्षं करत आला आहात.

माझ्याकडे मागे एक मुलगी आली होती. ऑगस्ट २०१९ मध्ये आलेली, म्हणजे २०२३ पर्यंत अनिवासी आणि २०२४ पासून करापुरती रहिवासी. पाच वर्षं तिला १०४२-एस मिळत होता. सहाव्या वर्षी तो यायचा बंद झाला आणि त्याच्या जागी काहीच आलं नाही. तिची फेलोशिप तीच होती आणि बँकेत महिन्याच्या पहिल्या तारखेला जमा होणारी रक्कमही तीच. फरक इतकाच की पूर्वी तिच्या स्टायपेंडमधून १४ टक्के कर आधीच कापला जायचा, आता काही कापलं जात नव्हतं. दर तिमाहीला आगाऊ कर आपणच भरायचा असतो, हे तिला कुणी सांगितलं नव्हतं. त्या वर्षी तिने पहिल्यांदा रॉथ आयआरए उघडलं होतं. महिन्याला २०० डॉलर, असे २,४०० डॉलर टाकले होते. रात्रीच्या जेवणाचे डबे एकदम करून ठेवून, भाड्याची एकच खोली तिघींत वाटून घेऊन तिने ते वाचवले होते.

सॉफ्टवेअरमध्ये तिने स्टायपेंड शिष्यवृत्ती म्हणून भरला. कर बरोबर निघाला. मग तिने आयआरएची रक्कम भरली, आणि पडद्यावर लाल चौकट आली : पात्र उत्पन्न शून्य, २,४०० डॉलर जादा, दंड १४४ डॉलर. तिने मदत कक्षाला फोन केला, तर पैसे काढून घ्या असं उत्तर मिळालं. विद्यापीठाच्या कार्यालयाला तिने पत्र लिहिलं की, गेल्या वर्षी मला किती स्टायपेंड दिला तेवढं लिहून द्या. दोन ओळींचं उत्तर आलं, आम्ही करविषयक सल्ला देत नाही. माझ्याकडे आली तेव्हा तिच्या हातात पैसे काढण्याचा अर्ज भरून तयार होता. “काकू, नको ते खातं. मला व्हिसाच्या वेळी काही लफडं नको,” असं ती म्हणत होती.

तिचे पैसे कायदेशीर होते. एका डॉलरचीही चूक नव्हती. आम्ही फेलोशिपचं नेमणूक पत्र काढलं, बँकेतल्या बारा नोंदी लावल्या, सॉफ्टवेअरच्या तिसऱ्या पानावर लपलेला ‘ही रक्कम ग्रॅज्युएट शिक्षणासाठी होती का’ हा प्रश्न शोधून काढला आणि त्यावर खूण केली. लाल चौकट गेली. तिचा कर, तिची बचत, सगळं जागच्या जागी राहिलं. पण प्रत्येक मुलीला काकू भेटेलच असं नाही. किती जणांनी भीतीपोटी ते पैसे परत काढले असतील, या विचाराने मला स्वस्थ बसवत नाही.

विद्यापीठांच्या कार्यालयांना माझं सांगणं आहे : आकडा सांगणं म्हणजे सल्ला देणं नव्हे. कर किती भरायचा, खातं कुठलं उघडायचं, हे तुम्हाला कुणी विचारत नाही. तुम्ही स्वतः दिलेल्या पैशांची पावती एवढीच मागणी आहे. जानेवारीअखेर प्रत्येक ग्रॅज्युएट विद्यार्थ्याला आणि पोस्टडॉकला एक पान पाठवा. त्यावर त्या कॅलेंडर वर्षात प्रत्यक्ष दिलेला स्टायपेंड, फीपोटी परस्पर वळवलेली रक्कम आणि ही मदत ग्रॅज्युएट अथवा पोस्टडॉक्टरल शिक्षणासाठी दिली होती असं एक वाक्य असू द्या. काही मोजकी विद्यापीठं असं पत्र सौजन्य म्हणून देतातही. त्यांना त्याने कसला त्रास झाल्याचं मी तरी ऐकलेलं नाही. आणि जो विद्यार्थी सहाव्या वर्षी अनिवासीचा रहिवासी होतो, त्याला त्या जानेवारीतच कळवा की आता १०४२-एस येणार नाही, कर कापला जाणार नाही, आणि १५ एप्रिल, १५ जून, १५ सप्टेंबर आणि पुढची १५ जानेवारी या आगाऊ कराच्या तारखा आहेत.

आयआरएसने एक चांगलं पाऊल उचललं आहे, त्याची नोंद घेते. २०२१ पर्यंत फेलोशिपची रक्कम पगाराच्या ओळीत घालून तिच्याशेजारी ‘एससीएच’ अशी तीन अक्षरं लिहायची पद्धत होती. २०२२ पासून करपत्रकाच्या शेड्यूल १ या पुरवणीवर ८-आर ही स्वतंत्र ओळ आली, डब्ल्यू-२ वर न आलेल्या शिष्यवृत्ती आणि फेलोशिपसाठी. पण या एकाच ओळीत पदवीच्या दुसऱ्या वर्षातल्या मुलाची राहण्या-जेवण्याची शिष्यवृत्तीही येते आणि पीएचडीच्या पाचव्या वर्षातल्या मुलीचा स्टायपेंडही येतो. कायद्याने या दोघांत स्पष्ट फरक केला आहे. पहिल्याची रक्कम मोबदला नाही, दुसरीची आहे. तुमच्या पत्रकावर तो फरक दिसायला जागाच नाही. दुसरीकडे आयआरए सांभाळणारी कंपनी ५४९८ फॉर्मवर तुम्हाला कळवते की, या व्यक्तीने इतके पैसे टाकले. तुमच्याकडे एका बाजूला जमा दिसते आणि दुसऱ्या बाजूला डब्ल्यू-२ शून्य. अशा माणसाच्या मनात भीती का बसते, हे समजायला फार विचार करावा लागत नाही.

८-आरचे दोन भाग करा. एक ग्रॅज्युएट आणि पोस्टडॉक्टरल शिक्षणाचा, दुसरा बाकीचा. १०९८-टीच्या पाचव्या चौकटीतून हातात दिलेली रक्कम वेगळी दाखवायला लावा, आणि फी पूर्ण माफ असली तरी स्टायपेंड दिला असेल तर फॉर्म देणं बंधनकारक करा. आयआरएवरच्या ५९०-ए या तुमच्या पुस्तिकेत ही तरतूद आलेली आहे, पण ती वाचून विद्यार्थ्याला पुरावा म्हणून नेमकं काय जपायचं ते कळत नाही. एक सोडवलेलं उदाहरण द्या, ज्यात डब्ल्यू-२ नाही, ८-आरवर रक्कम आहे आणि रॉथमध्ये पैसे टाकलेले आहेत. निम्मी भीती तिथेच जाईल.

सॉफ्टवेअरवाल्यांशी फार बोलत नाही. शिष्यवृत्तीची रक्कम भरल्याबरोबर पुढचाच प्रश्न तिच्या हेतूचा विचारा. तो तिसऱ्या पानावर नको. आणि उत्तर न देता पुढे गेलेल्या माणसाला दंडाचा आकडा दाखवण्याआधी हा प्रश्न पुन्हा विचारा.

हे सगळं कशासाठी, असं कुणी म्हणेल. स्टायपेंड तो केवढा, त्यातून निवृत्तीसाठी कुणी टाकतं का? टाकतात. आरोग्य संशोधनाला पैसा देणाऱ्या एनआयएच या सरकारी संस्थेने २०२४ साली ग्रॅज्युएट विद्यार्थ्याच्या प्रशिक्षणाला वर्षाला २८,२२४ डॉलर ठरवले होते. विज्ञान संशोधनाला पैसा देणाऱ्या एनएसएफच्या ग्रॅज्युएट फेलोशिपचा स्टायपेंड ३७,००० आहे. यातूनही महिन्याला शंभर डॉलर बाजूला काढणारी मुलं मी पाहिली आहेत, आणि आपल्या घरांतून आलेल्या मुलांना तर आईने पहिल्या कमाईतून थोडं मागे टाकायला शिकवलेलंच असतं. पंचविसाव्या वर्षी टाकलेले १,२०० डॉलर वर्षाला ६ टक्क्यांनी वाढले, असं धरलं तर पासष्टाव्या वर्षी त्यांचे १२,३०० च्या वर होतात. आणि रॉथमध्ये स्वतः टाकलेली मुद्दल अडीअडचणीला कधीही, कर आणि दंड न देता काढता येते. आई आजारी पडली म्हणून अचानक मुंबईचं तिकीट काढावं लागणाऱ्या मुलासाठी ही गोष्ट लहान नाही.

शिवाय या मुलांना दुसरं काही नसतं, हेही लक्षात घ्या. फेलोशिप वेतन नाही म्हणून तिच्यावर सोशल सिक्युरिटीची, म्हणजे सरकारी निवृत्तिवेतनाची, नोंद होत नाही. टीए-आरएचं वेतनसुद्धा शिकत असताना बहुतेक वेळा त्यातून वगळलेलं असतं. विद्यापीठाच्या ४०३-बी या निवृत्ती योजनेत विद्यार्थ्यांना सहसा घेत नाहीत. पोस्टडॉकचं तर आणखी वाईट. प्रकल्पाच्या पैशांवर असताना जो कर्मचारी म्हणून निवृत्ती योजनेत असतो, त्याला स्वतःच्या नावावर राष्ट्रीय फेलोशिप मिळाली की अनेक ठिकाणी तो कर्मचारी राहत नाही, आणि योजनेतूनही बाहेर पडतो. बाविसाव्या वर्षी नोकरीला लागलेल्या वर्गमित्राच्या खात्यात दहा वर्षांची जमा असते, तेव्हा तिशी ओलांडलेल्या संशोधकाच्या नावावर काहीच नसतं. कलम १०६ ने उघडलेली ही एकच वाट त्यांच्यासाठी आहे. ती कागदाअभावी बंद पडू देऊ नका.

काँग्रेसच्या सभासदांसाठी एक ओळ. कमी उत्पन्न असून निवृत्तीसाठी वाचवणाऱ्याला कराची सवलत मिळते, पण वर्षातले पाच महिने पूर्णवेळ विद्यार्थी असलेल्याला ती नाकारलेली आहे. २०२७ पासून तिच्या जागी सरकारी भर घालायची योजना येते आहे, आणि विद्यार्थी तिच्याही बाहेर आहेत. स्टायपेंडला मोबदला मानलं आहे, तर पीएचडीच्या विद्यार्थ्यांना या सवलतीतही घ्या.

हे होईपर्यंत, मुलांनो, तुम्ही एवढं करा. नेमणूक पत्र जपून ठेवा. त्यावर पदवीचं वा संशोधनाचं नाव असतं, तोच तुमचा खरा पुरावा. वर्षभरातल्या जमा नोंदींचा उतारा जानेवारीतच काढून ठेवा. स्टायपेंडचा करपात्र भाग ८-आरवर दाखवा. जो उत्पन्नात दाखवला नाही तो मोबदला धरता येत नाही, आणि दोन देशांतल्या करविषयक करारामुळे करमुक्त ठरलेला भागही धरता येत नाही. गेल्या वर्षासाठीची रक्कम १५ एप्रिलपर्यंत टाकता येते. आणि सॉफ्टवेअर दंड दाखवतं म्हणून पैसे काढू नका. आधी कुणा जाणत्याला ते पान दाखवा.

विद्यापीठांना माझी विनंती येत्या जानेवारीपासूनची आहे. त्यासाठी नवा कायदा लागत नाही आणि आयआरएसच्या परवानगीचीही गरज नाही. १०४२-एस काढणाऱ्या तुमच्याच टेबलाला तीच यादी रहिवासी विद्यार्थ्यांसाठीही चालवायला सांगा.

कळावे,
आपली,
विद्यार्थ्यांचे हिशेब बघणारी एक मराठी बाई